समासात लिहिणाऱ्या महोदयांस

आपली ओळख नाही, पण आपलं अक्षर आता कुठेही ओळखेन. 'ख' काढता तो 'रव' वाचला जातो आणि प्रत्येक वाक्याखाली दोन रेघा. गेली तीन वर्षं तालुक्याच्या वाचनालयातून मी जे पुस्तक आणतो, ते आधी आपल्या घरी जाऊन आलेलं असतं. तेही एकाच कपाटातलं. वाडा, चार भाऊ, कुलपातली खोली, माडीवरची म्हातारी, जुनी पेटी. घराण्याचं गुपित जिथे म्हणून दडलंय तिथे आपण आधी पोचता आणि बाराव्या पानावर निळ्या बॉलपेनानं लिहून मोकळे होता : 'पेटीत काही नाही. मधल्यानं कधीच काढलंय.' केवढा हा परोपकार! माझी तीनशे पानांची पायपीट वाचली.

'वाडा चिरेबंदी' तर नाटक, पैनगंगेपलीकडच्या विदर्भातल्या देशपांड्यांचं. तिथेही आपण पात्रांच्या यादीतच रंजूच्या नावापुढे 'ही मास्तरसंगं पळणार, दागिने घेऊन' अशी नोंद करून ठेवलीत. एलकुंचवारांनी दारात गंजत ठेवलेला ट्रॅक्टर तेवढा आपल्या तावडीतून सुटला. त्याच्या बाजूला फक्त 'कोणत्या कंपनीचा?' एवढीच चौकशी.

आपल्याला पकडायचे प्रयत्न मी केले. पानांच्या कोपऱ्यांवर पिवळे अंगठे दिसले तेव्हा वाटलं, सापडला गडी! पण वसमतच्या हळदीच्या मुलखात फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळा अंगठा कुणाचा नसतो? मोंढ्यातला हमाल, अडत्या, हळद शिजवणारे, खुद्द ग्रंथपाल, सगळेच संशयित. माझासुद्धा पिवळाच.

आणि खरं सांगू का, शेवट फोडल्याचा राग मला येतच नाही. औंढ्याला कीर्तनात नामदेवांचा प्रसंग येतो. त्यांना देवळासमोरून उठवलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. ऐकणाऱ्या प्रत्येक म्हातारीला हे पाठ आहे, नंदी मागच्या बाजूला राहिलेला तिनं शंभरदा पाहिलाय. तरी बुवा 'आणि देऊळ...' म्हणून थांबले की तिचा श्वास अडकतोच. शेवट माहीत आहे म्हणून मंडपातून कुणी उठून गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

आपल्याकडे गुपित तरी कशाला म्हणतात? अख्ख्या गावाला माहीत असतं आणि त्या एका घरात बोलायचं नसतं, त्याला. २०२३मध्ये कुणबी नोंदींसाठी नेमलेल्या शिंदे समितीच्या निमित्तानं निजामकाळातली उर्दू आणि मोडी दप्तरं धुंडाळणं सुरू झालं, तेव्हा आमच्या आळीतलेही दोघं-चौघं पणजोबाच्या नावापुढचं 'कुणबी' शोधायला गेले. एकाला पणजोबा मिळाले, आणि त्यांच्या शेजारी कधीच न ऐकलेला एक भाऊही. घरी येऊन विचारलं तर आजी म्हणाली, "जेवून घे आधी." कादंबरीकाराला एवढ्यासाठी दोन प्रकरणं लागली असती.

तर राग कशाचा, ते सांगतो. श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' हे १९८७चं. दोन खंड, खोतांच्या चार पिढ्या. आता पोरं २०१८चा 'तुंबाड' सिनेमा पाहून ते मागायला येतात आणि त्यातला हस्तर कुठे आहे म्हणून पानं उलटतात, ते वेगळं. मी पहिल्या खंडात मध्यापर्यंत आलो आणि पुढचं पान नाही! फाडलेलं. ओढून नव्हे, पट्टी ठेवून, अगदी निगुतीनं. समासात लिहिणं मी आजवर सोसलं. पण मालक, हे पान वाचनालयाचं होतं.

मग खालच्या पानावर उजेड तिरपा पडला आणि खळगे दिसले. आपण बॉलपेन फार दाबून लिहिता. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो तशी पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली. अक्षरं पांढरी उमटत गेली. तोच 'रव', त्याच दोन रेघा : 'आमच्याकडं हेच झालं. दादाला अजून माहीत नाही. विहिरीचा हिस्सा आईनं'

एवढंच. पुढे समास संपला असावा, नाहीतर आपला धीर.

वा! खोतांचं, देशपांड्यांचं, जगातल्या यच्चयावत वाड्यांचं बाराव्या पानावर फोडणारे आपण, आणि स्वतःच्या घराशी आलात तर पानच घेऊन पसार! त्या पानावर पेंडशांनी काय लिहिलं होतं, ते मी दुसऱ्या प्रतीत पाहीन, परभणीला जाऊन. पण आईनं काय केलं, ते परभणीच्या प्रतीत असणार नाही. आठ दिवस झाले, भाकरीचा तुकडा मोडताना मध्येच हात थांबतो. तिनं विहीर कुणाच्या नावावर केली? विकली? की दादा तिचा...

दुसरा खंड मी येत्या मंगळवारी परत करतोय. शेवटी दोन कोरी पानं आहेत, मोजून पाहिली. पट्टी घरी ठेवून या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आपल्यानंतर पुस्तक नेणारा