निरंक असल्यास तसे कळवावे

नोकरदार माणूस चांगले काम का करतो किंवा का करत नाही, याचे उत्तर त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या संस्थेच्या रचनेत शोधावे, असे संघटनशास्त्र सांगते. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून असे मांडले की वेतन, नियम आणि देखरेख यांनी माणसाची कुरकूर फार तर थांबते, उमेद मात्र काम तडीस गेल्याच्या समाधानातून आणि त्याची दखल घेतली जाण्यातून येते. हर्झबर्गला बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या द्विशिक्षकी शाळेत आठवडाभर बसायला मिळाले असते, तर त्याला आणखी एका घटकाची नोंद करावी लागली असती, आणि तो घटक म्हणजे ‘विहित नमुन्यातील माहिती’.

ही माहिती वरून मागवली जाते आणि शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी व केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारा आणि बहुधा प्रभारीच असणारा अधिकारी, अशा पायऱ्या उतरत शाळेपर्यंत येते. प्रत्येक पायरीवर सावधगिरी म्हणून मुदतीतले काही दिवस कापले जात असल्याने मुंबई-पुण्यात आठवड्याची असलेली मुदत सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात, ‘आज दुपारी दोनपर्यंत’ अशी होऊन पोहोचते. समजा, शाळेच्या आवारातील विहिरीला कठडा आहे काय, अशी विचारणा झाली. आवारात विहीरच नसेल, तर एवढे कळवून शिक्षकाची सुटका होत नाही, कारण विहिरीचा रकाना निरंक भरला तरी कठड्याचा, कठड्याच्या उंचीचा आणि कठडा बांधण्यासाठी लागणाऱ्या निधीचा असे पुढचे तीन रकाने उरतात, आणि शेवटी छायाचित्र जोडायचे असते. विहीर नसल्याचे छायाचित्र कोणत्या कोनातून काढावे, हे प्रशिक्षणात शिकवलेले नसल्यामुळे शिक्षक मोकळ्या मैदानाचा फोटो काढतो, नेटवर्क शोधत पाण्याच्या टाकीवर चढतो आणि एकच्या सुमारास खाली उतरतो, तेव्हा तिसरी आणि चौथीचा एकत्र वर्ग भागाकाराच्या अलीकडेच थांबलेला असतो. छायाचित्रावरील ही श्रद्धा जुनी आहे: विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ‘सरल’ या संगणकीय प्रणालीवर चढवण्याचा आदेश शासनाने 2016 मध्ये काढला होता, आणि शिक्षकांच्या विरोधानंतर तो बाजूला ठेवावा लागला.

आपण नेमके कशासाठी नेमलेलो आहोत हे कर्मचाऱ्याला न उमगणे याला शास्त्रात ‘भूमिका-संदिग्धता’ म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने ती दूर केली असून जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपता येतो. पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम या हिशेबाने जुळवणे, मुलांआधी खिचडी चाखून चव नोंदवहीत सही करणे, ही कामे त्या यादीत नसल्यामुळे ती शैक्षणिकच मानावी लागतात.

शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवण्याच्या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात आणि तिच्यासाठी 30 सप्टेंबरची पटसंख्या धरली जाते. वर्गात बसलेली, पाढे म्हणणारी, खिचडीची दुसरी वाढ मागणारी मुलगी या पटसंख्येत येतेच असे नाही, कारण तिच्या आधार कार्डावरील नाव आणि दाखल-खारीज रजिस्टरातील नाव यांत एका वेलांटीचा फरक असला तरी ती अवैध ठरते आणि शिक्षकाचे एक पद तिच्याबरोबर डळमळते. अंदाजच बांधायचा, तर याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला मांडलेल्या घटावरून पावसापाण्याचे भाकीत वर्तवले जाते. पण तेथे निदान धान्य डोळ्यांसमोर मांडलेले असते आणि जे दाणे दिसतात तेच धरले जातात.

उरला प्रश्न हर्झबर्गने सांगितलेल्या दखलीचा. जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला असल्याने शिक्षकाच्या आयुष्यातील अर्धी चिंता बदलीची असते, आणि बदली धोरणात दुर्गम गावांना ‘अवघड क्षेत्र’ असे नाव देऊन तेथे तीन वर्षे काढणाऱ्याला बदलीचा अधिकार दिलेला आहे. त्या तीन वर्षांत ज्याने मुलांना वाचायला शिकवले आणि ज्याने फक्त दिवस मोजले, त्या दोघांनाही एकच बक्षीस मिळते, ते म्हणजे ती शाळा सोडण्याची मुभा.

आणि देखरेखीची कसोटी परीक्षेच्या निमित्ताने 3 मार्च 2023 रोजी लागली. त्या वर्षी राज्यभर कॉपीमुक्त अभियान जोरात होते, भरारी पथके होती, बैठी पथके होती, आणि पेपरफुटी टाळण्यासाठी दहा मिनिटे आधी प्रश्नपत्रिका देण्याची पद्धत बंद करण्यात आली होती. तरीही बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा परिसरातून परीक्षा सुरू होण्याआधीच मोबाइलवर फिरली, प्रकरण त्याच दिवशी विधानसभेत गाजले आणि पुढे अटक झालेल्यांत खासगी शाळांचे शिक्षकही निघाले. (त्याच परीक्षेत इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत परीक्षा मंडळानेच काही प्रश्नांच्या जागी भलताच मजकूर छापून सहा गुण वाटले होते, ते मात्र गैरप्रकारात मोडत नाही.) मंडळाने पेपरफुटीतून धडा घेतला, आणि तो असा की पथके कमी पडली. 2025 च्या परीक्षेला आधी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांवर पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांतून आणण्याचे ठरले, त्यामुळे परक्या शाळेत सचोटीचा ठरणारा शिक्षक स्वतःच्या शाळेत पाऊल टाकताच संशयित होतो, हे हर्झबर्गच्या नजरेतून निसटलेले तत्त्व प्रस्थापित झाले. कोणाला कोठे पाठवले याचा तक्ता विहित नमुन्यात, आजच, दुपारी दोनपर्यंत मागवला जाणे ओघानेच आले.