टाळी कधी वाजवू नये : डब्लिनच्या पबफेरीत पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

या सूचना कोणासाठी आहेत ते आधी सांगतो. डब्लिनला नोकरी करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे तीन महिने राहायला आलेले, ट्रिनिटी कॉलेजातलं 'बुक ऑफ केल्स' पाहून झालेले, मोहेरचे कडे धुक्यात दिसले नाहीत तरी धुक्याचे फोटो काढून परतलेले, आणि आता जेवताना दोनदा 'इथलं काहीतरी अस्सल बघायला हवं' असं म्हणून गेलेले, अशा सर्वांनी त्या वाचाव्यात. मुलगा लगेच ऑनलाइन तिकीट काढून देईल. स्वतः येणार नाही. का, ते त्याला विचारू नका.

फेरीचा मामला सोपा आहे. टेम्पल बार भागातल्या एखाद्या पबच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी वीस-तीस परदेशी माणसं जमतात. दोन वादक येतात. एकाकडे बहुधा फिडल, म्हणजे तेच आपलं व्हायोलिन, फक्त धरणाऱ्याच्या अंगावर सूट नसतो. दुसऱ्याकडे गिटार. ते वाजवतात, काय वाजवलं ते समजावून सांगतात, मध्ये एखादा विनोद करतात (तो रोजचाच असतो, तरी हसावं), मग वाद्यं उचलून सगळा तांडा पुढच्या पबात नेतात. असे दोन-अडीच तास. तिकिटात संगीत आणि विनोद येतो. पेयाचं बहुधा वेगळं, तेव्हा आधी नीट वाचून घ्या.

टेम्पल बारविषयी एवढं माहीत असू द्या की १९८०च्या दशकात इथे मोठं बसस्थानक व्हायचं घाटत होतं. त्यासाठी घेतलेल्या इमारती तोवर स्वस्त भाड्यानं दिल्या गेल्या, तिथे चित्रकार आणि वादक घुसले, आणि स्थानक बारगळलं. आता तिथल्या पाइंटचा भाव बघून कधीकधी वाटतं, स्थानकच बरं होतं.

पेयापासून सुरुवात करू, कारण पहिला घोटाळा तिथेच होतो. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. गिनेस मागवलीत तर बारवाला ग्लास तिरका धरून पाऊण भरेल आणि काउंटरवर ठेवून दुसऱ्याच कामाला लागेल. विसरलाय असं समजू नका. ग्लासात तपकिरी ढग उठतात, खाली खाली वाहताना दिसतात, हळूहळू काळं एकीकडे आणि साय एकीकडे होते, मग तो परत येऊन वरचं भरतो. या सगळ्याला ११९.५ सेकंद लागावेत असं कंपनीचं म्हणणं आहे. ज्या कंपनीच्या संस्थापकानं १७५९ साली कारखान्याची जागा ९००० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली, तिला दोन मिनिटांची घाई नसणारच. तेवढ्यात तो पाऊण ग्लास उचलायला हात पुढे केलात, तर नैवेद्य दाखवायच्या आधी मोदकाला हात घालणाऱ्या पोराकडे आजी बघते, तसा अख्खा पब तुमच्याकडे बघेल.

शाकाहारी मंडळींना एक दिलासा. बियर नितळ व्हावी म्हणून माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरायची जुनी रीत होती, गिनेससुद्धा तो वापरत असे. २०१५ साली कंपनीनं तो बंद करायचं जाहीर केलं आणि पुढच्या काही वर्षांत आधी पिंपं, मग बाटल्या-डबे त्यातून सुटले. म्हणजे मासा गेला, अल्कोहोल राहिलं. तेही नको असेल तर शून्य अल्कोहोलची गिनेस मिळते, दिसायला अगदी तशीच, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकताना तळटीप द्या. संकष्टीचं ज्यानं त्यानं बघावं.

आता राउंड. हा भाग दोनदा वाचा. आपल्याकडच्या कॉलेजकुमारांनी 'टीटीएमएम' नावाची जी सुटसुटीत व्यवस्था काढली, तुझं तू, माझं मी, ती आयर्लंडमध्ये चालत नाही. तिथे एक जण उठतो, टेबलावरच्या सगळ्यांचं आणतो. मग दुसरा, मग तिसरा. म्हणजे पाच जणांत बसलात की तुम्ही पाच पाइंटचा करार केलेला आहे, सही न करता. शेजारच्या टेबलावरचा हसतमुख गृहस्थ 'काय घेणार?' म्हणाला आणि तुम्ही संकोचानं 'चालेल' म्हणालात की सुटका नाही. झेपणार नसेल तर पहिल्याच वेळी छातीवर हात ठेवून नम्रपणे नाही म्हणावं, कोणी रागावत नाही. पण चार जणांचं पिऊन स्वतःची पाळी आल्यावर 'शेवटची ट्राम आहे' म्हणून निघालेला माणूस लक्षात राहतो, फार वर्षं राहतो. त्याच्या देशासकट.

खाण्याची चिंता करू नका. टेटोचं पाकीट मागा, चीज-अनियनचं. ही चव बटाट्याच्या काचऱ्यांवर आणली ती याच कंपनीनं, १९५०च्या दशकात. पाकीट मात्र एकट्यानं कुरतडत बसायचं नसतं. त्याची मागची शिवण फाडून ते टेबलाच्या मधोमध चांदीच्या ताटासारखं सपाट पसरतात, आणि कोणीही, ओळख असो नसो, हात घालतो. (पबात धूर नसतो, २००४ पासून बंदी आहे. धूर दारात उभा असतो.)

एवढं झाल्यावर संगीत. तुम्हाला सगळ्या धून सारख्याच वाटतील. सुरुवातीला वाटतात. मुख्य प्रकार दोन, जिग आणि रील. जिग सहाच्या चालीनं जाते, रील चारच्या. आयरिश मास्तर मुलांना जिग शिकवताना 'रॅशर्स अँड सॉसेजेस' असं घोकायला लावतात. डुकराच्या मांसावर चाललेला हा अभ्यासक्रम ज्यांना नको, त्यांनी आमची देशी पद्धत वापरावी. धून सुरू झाली की मनात 'बटाटा-बटाटा' म्हणत राहा. बसलं तर जिग. नाही बसलं तर 'साबुदाणा-साबुदाणा' म्हणून बघा. बसलं तर रील. आणि 'बटाटा' तीनदा म्हटल्याशिवाय चक्र पुरं होत नसेल तर ती स्लिप जिग, नऊची. तेव्हा शेजाऱ्याला कोपरानं ढोसून सांगायला हरकत नाही, कारण त्या खोलीत ते बहुधा तुम्हालाच कळलेलं असतं.

धून छोटी असते. दोन भाग, प्रत्येक आठ मात्राखंडांचा, प्रत्येक दोनदा. ती सगळी साधारण तीनदा वाजवतात आणि मध्ये श्वासही न घेता दुसऱ्या धुनेत उडी मारतात. या उडीकडे लक्ष ठेवा, खरी गंमत तिथेच आहे. फिडलवाला मान वर करतो, गिटारवाल्याकडे अर्धा क्षण बघतो, एक भुवई उचलतो, आणि पुढच्या ठोक्याला स्वर बदललेला असतो. कोणीतरी 'हप!' म्हणून ओरडतं. हे इथलं 'क्या बात है'. ते तुम्हीही म्हणू शकता, पण जागा चुकली तर पुढची दहा मिनिटं छताकडे बघत बसावं लागेल. शेवट कळवायला तिहाई वगैरे काही नसते. धून थांबते, कारण ती संपली.

धुनेचं नाव विचारू नका. विचारलंत तर वादक एकमेकांकडे बघतील, दोघं दोन नावं सांगतील, आणि ती दोन्ही बरोबर असतील. ध्वनिमुद्रिकांवरसुद्धा कित्येक धुनांपुढे 'नाव नाही' एवढंच छापलेलं असतं. नावांचा बंदोबस्त करायचा मोठा प्रयत्न झाला तो अमेरिकेत, आणि तोही पोलिसांकडून. कॉर्क परगण्यात १८४८ साली जन्मलेला फ्रान्सिस ओ'नील हा शिकागोचा पोलीसप्रमुख झाला आणि त्यानं आयरिश वादक हेरून हेरून धुना गोळा केल्या. त्याच्या १९०३च्या ग्रंथात १८५० धुना आहेत. चांगलं वाजवणाऱ्याला त्याच्या पोलीस दलात नोकरी मिळे, अशी ख्याती होती. आपल्याकडे पोलीस रात्री दहाला येऊन स्पीकर बंद करतात, एवढंच सांगून हा विषय सोडतो.

टाळी. शीर्षकात आहे म्हणून येथे घेतो. नियम असा की वाजवू नये. तुमच्या आजूबाजूचे पंचवीस जण वाजवतील, विशेषतः रील रंगात आली की. वीस-पंचवीस माणसांची टाळी एकत्र पडत नाही. ती ओघळते. वादक ठोक्याच्या पुढे, टाळी मागे, मध्ये गिटारवाला दोघांना सांभाळतोय, हे दृश्य करुण असतं. गाणं संपल्यावर वाजवा, हवी तितकी. चालू गाण्यात टाळीला हक्काची जागा म्हणजे 'द वाइल्ड रोव्हर'चं ध्रुवपद. तिथे चार टाळ्या असतात. पाचवी मारणारा पर्यटक. आणि 'गॉलवे गर्ल'ची फर्माईश करू नका. त्या नावाची दोन गाणी गाजली, एक २००० साली एका अमेरिकनानं केलेलं, दुसरं २०१७ साली एका इंग्रजानं. दोन्ही दिवसाकाठी अनेकदा वाजतात आणि वादकाच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

बोरान नावाचं वाद्य दिसेल, बकऱ्याचं कातडं ताणलेलं, डफासारखं, काठीनं वाजवायचं. त्यावर हिरवं तिपानी काढलेला नग दुकानादुकानांत टांगलेला असतो. घ्यायचा तर घ्या, कोथरूडच्या दिवाणखान्यात बरा दिसेल. पण विकत घेऊन तसाच पबात नेऊ नका. बोरान कशानं वाजवावं, याचं वादकांमधलं जुनं उत्तर 'चाकूनं' असं आहे. उलट पाइप्सवाला, म्हणजे पिशवीतली हवा नळ्यांत सोडून वाजवणारा, दिसला तर जागा सोडू नका. तो तोंडानं फुंकत नाही. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या कोपराखाली पिशवी, मांडीवर चामड्याचा तुकडा, आणि नळीचं टोक त्यावर दाबून तो स्वर तोडतो. तोंड मोकळं असल्यामुळे वाजवता वाजवता वादही घालू शकतो. हे वाद्य यायला एकवीस वर्षं लागतात असं म्हणतात: सात शिकायची, सात सरावाची, सात वाजवायची. २०१७ साली युनेस्कोनं त्याची वारसा म्हणून नोंद केली.

मध्येच कोणीतरी शतकानुशतकांची परंपरा वगैरे म्हणेल. धुना जुन्या आहेत खऱ्याच, पण त्या पबात गोलाकार बसून वाजवायची रीत फार जुनी नाही. गावाकडे हे संगीत स्वयंपाकघरात चाले, नाचासाठी. १९३५च्या कायद्यानं नाचाला परवाना लागू लागला आणि धर्मगुरू-पोलिसांनी घरगुती नाचांवरही टाच आणली. पुढे महायुद्धानंतर लंडनला बांधकामावर गेलेले आयरिश मजूर भाड्याच्या खोलीत फिडल वाजवणार कुठे, म्हणून कॅम्डन टाउनच्या पबांत जाऊन बसू लागले. तिथून ही चाल मायदेशी परतली. म्हणजे अस्सल आयरिश म्हणून तुम्ही जे बघायला आलात, त्याची बैठक इंग्लंडात बसली. हे पबात मोठ्यानं बोलू नका.

मला विचाराल तर या फेरीला नाकं मुरडणारे डब्लिनकर तिची खरी सोय विसरतात. वादक तुमच्याकडे तोंड करून बसतो आणि काय चाललंय ते सांगतो, असं याच एका ठिकाणी घडतं. दुसऱ्या दिवशी लिफी नदी ओलांडून स्मिथफील्डच्या 'कॉबलस्टोन'मध्ये जा. २०२१ साली तिथे हॉटेल बांधायचा बेत निघाला तेव्हा लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर आले आणि महापालिकेनं परवानगी नाकारली, तोच हा पब. तिथे वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात, म्हणजे तुमच्या वाट्याला पाठी येतात. कोणी समजावत नाही, कोणी विनोद करत नाही. तुम्ही असलात काय नि नसलात काय, त्यांना फरक पडत नाही, आणि त्यामुळेच ते ऐकण्यासारखं असतं. कोपऱ्यातली रिकामी खुर्ची रिकामी नसते, तिचा फ्लूटवाला आठ वाजता येतो. आणि कोणी डोळे मिटून साथीशिवाय गायला लागलं तर टेटोचं पाकीटसुद्धा हलवायचं नाही.

गप्पांत 'तुम्ही कुठले?' हे येणारच. महाराष्ट्र म्हटल्यावर बहुतेक वेळा मुंबईपर्यंत गाडी येते. तिथून लिओ वराडकरांचा विषय काढता येतो: दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले, वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. समोरचा खूश होईल किंवा त्यांच्या घरबांधणी धोरणावर पाऊण तास बोलेल. दुसरं जास्त संभवतं.

राहता राहिला शेवटचा धोका, नोबल कॉल. फेरीच्या अखेरीस वादक म्हणतात, आता तुमच्यापैकी कोणीतरी गा. जो गातो त्याला पुढच्या माणसाचं नाव घ्यायचा हक्क, आणि नाव घेतलेल्यानं नाही म्हणायचं नसतं. जर्मन जोडपं गाईल, टेक्सासचा आजोबा गाईल, मग सगळ्यांच्या नजरा तुमच्या टेबलाकडे वळतील. इथे मराठी माणूस करतो ते करू नका, म्हणजे 'घसा बसलाय', 'हिला विचारा', 'आमचे एक मेव्हणे छान गातात'. आलापी नको, प्रस्तावना नको, अर्थ समजावून सांगणं तर नकोच. दोन कडवी, ठेक्याची, ध्रुवपद इतरांना पकडता येईल असं काहीही चालेल. कोळीगीत उत्तम. भाषा कोणाला कळत नाही, त्यामुळे शब्द विसरलात तरी बिघडत नाही. गिटारवाला तुमची पट्टी दोन ओळींत शोधेल. तो सरावलेला आहे.

आणि गाऊन झाल्यावर पुढचं नाव घ्यायची पाळी तुमची. नवऱ्याचं घेऊ नका. तो आधी दहा मिनिटं 'मला नाही येत' म्हणेल आणि एकदा उभा राहिला की बारवाल्यानं दिवे लावल्याशिवाय बसणार नाही.