व्हेनिसला जावं ते वारकऱ्यानं

‘द ग्रेट गॅम्बलर’मध्ये (1979) अमिताभ आणि झीनत गोंडोलात बसले, तेव्हापासून व्हेनिस म्हणजे होडी, असं आपल्याकडे पक्कं झालं. प्रत्यक्षात हे गाव तंगडतोडीचं आहे, आणि तिथं पहिल्यांदा जाण्याची खरी तयारी मुक्ताईनगरातच होते. तिथल्या कोथळीहून निघालेली मुक्ताईची पालखी जवळपास महिनाभर चालून पंढरपूर गाठते. त्या वाटेनं गेलेल्याला व्हेनिसचे चारशेवर पूल काय जड? बहुतेक पुलांना पायऱ्या. जुन्या गावात मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलही चालवू देत नाहीत. चाकांची बॅग ओढत आलेला पाहुणा तिसऱ्या पुलावर ती डोक्यावर घेतो. खांद्याला पडशी अडकवलेला तोवर पुढच्या चौकात पोचलेला असतो. घरांचे नंबर गल्लीवार नाहीत, पेठवार आहेत आणि पाच हजारांच्याही पुढे जातात. सान मार्को चौकाकडे नेणारा बाण कधी एकाच भिंतीवर डावीकडेही असतो आणि उजवीकडेही. शहाणे इथं नकाशा उघडून भांडतात. दिंडीतला माणूस पुढचा जाईल तिकडे जातो, आणि पोचतो.

मग एवढे कालवे कशाला, असं कुणी विचारील. ते कामाचे आहेत. भाजी, सिमेंट, कचरा, आजारी माणूस, शेवटी प्रेतसुद्धा होडीतूनच जातं. गोंडोला तेवढी हौसेची : दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, म्हणजे आठ हजार रुपयांच्या वर. ग्रँड कॅनॉल नुसता ओलांडायचा तर त्रागेत्तो नावाची नाव दोन युरोत पलीकडे सोडते. तीत पुष्कळजण उभ्यानंच जातात. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर नावेत बसलेल्याला हे जमावं.

पाणी दाराशी येण्याची भीतीही आम्हाला घालू नये. हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले ही बातमी मुक्ताईनगरकर दर पावसाळ्यात चहाबरोबर वाचतो. व्हेनिसनं समुद्र अडवायला खाडीच्या तीन मुखांशी 78 दरवाजे बसवले. ते एरवी तळाशी आडवे असतात, भरती वाढली की हवा भरून उभे करतात. 3 ऑक्टोबर 2020 ला ते भरतीसमोर पहिल्यांदा उभे राहिले आणि सान मार्को चौक कोरडा राहिला. आमचे दरवाजे पाणी सोडायला, त्यांचे रोखायला, एवढाच फरक. खर्चाचा फरक मात्र काही अब्ज युरोंचा आहे.

एका बाबतीत वारकऱ्याची पंचाईत होईल, ते मान्य. सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसून शिदोरी सोडली तर दंड होतो. कळण्याची भाकरी आणि ठेचा हा बचाव तिथं चालत नाही. पाणी मात्र विकत घेऊ नका, चौकाचौकांत पिण्याचे नळ आहेत. आणि 2024 पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्याला प्रवेशाचे पैसे पडतात, तेही सकाळी साडेआठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत. तेव्हा भाऊ, चारनंतर शिरा.