समुद्र न पाहिलेल्याचं व्याज

मध्यंतरी एका रात्री सव्वानऊला फोन वाजला. पलीकडून एक बाई साखरेच्या पाकातल्या आवाजात विचारत होत्या, "तुम्ही त्यांचे काका ना?" मी म्हटलं, येवल्यात साठी उलटलेला प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा काका असतोच, तुम्हाला कुणाचा हवाय? त्यावर त्यांनी आमच्या एका धाकट्या दोस्ताचं नाव घेतलं. त्याने पाच हजार थकवलेत, उद्या दुपारपर्यंत भरले नाहीत तर त्याचा फोटो त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर जाईल, 'चोर' असं लिहून. माझ्या नंबरावर नेमकं काय नाव आहे तेही त्यांनी वाचून दाखवलं. 'काका फुकट सल्ला'. ही खासगी माहिती मला त्या कंपनीमुळेच मिळाली, नाहीतर दोस्ताने कधी सांगितली नसती.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. वसुलीवाल्यांनी ते सगळ्यांना कळवलेलंच आहे.

दोस्त तेवीस वर्षांचा. दुसऱ्याच्या खड्डा मागावर पैठणी विणतो. महिन्याला हातात अकरा हजार, तेही मालकाकडे रेशीम असेल आणि गिऱ्हाइकाकडे लग्न असेल तर. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातल्या साधारण दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजारांच्या आत निघालं होतं. त्या हिशेबाने आमचा दोस्त सुखवस्तूच. तिकडे टीव्हीवरच्या खेळात भावोजी वर्षानुवर्षं घरोघरी पैठणी वाटत होते. ती विणणाऱ्याला उखाणा घ्यायला कुणी बोलावल्याचं काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी विंचूर चौफुलीवरच्या चहाच्या टपरीवर आमची समिती बसली. समिती म्हणजे आम्ही चौघं-पाचजण. आमच्यापैकी कुणी दोस्ताला शंभर रुपयेही देणार नव्हतं. पण अक्कल द्यायला जामीन लागत नाही. निवृत्त गुरुजी म्हणाले, "आधी चहा सोड." हे ते चहा पिता पिता म्हणाले. दोस्ताच्या दिवसाला दोन कटिंग, म्हणजे महिन्याला सहाशे रुपये. अंदाजे साठ हजारांचं कर्ज व्याज गोठवून नुसत्या चहाच्या पैशांतून फेडायचं म्हटलं तरी आठ वर्षं लागतात. हा हिशेब मी मांडल्यावर गुरुजींनी चहासोबत खारीही सोडायला सांगितली. मोबाइलच्या दुकानवाल्याने तर "अंथरूण पाहून पाय पसरावेत" ही म्हण तोंडावर फेकली. दोस्ताला फोन त्यानेच विकलेला, 'शून्य टक्के व्याज' अशी पाटी लावून. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते कुठेतरी किमतीत नाहीतर शुल्कात दडवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. पाटी बहुधा त्याच्या आधीची असावी.

पतसंस्थेच्या संचालकांनी मात्र मुद्द्याचं विचारलं, "कर्ज काढलंच का?"

दोस्त खाली मान घालून म्हणाला, "अप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. सरकारी योजनेचं कार्ड होतं घरात. पण त्या दवाखान्यात चालत नव्हतं."

यावर समितीने आणखी एक चहा मागवला. 'ऑपरेशन सोड' असं गुरुजींनाही म्हणता येईना.

रविवारी मी वही-पेन्सिल घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याला वाटलं पैसे आणलेत. वही पाहून त्याचा चेहरा पडला, पण चहा केला बिचाऱ्याने. देणं लिहायला बसलो तर त्यालाच ते नीट सांगता येईना. कर्जबाजारी माणूस आकडा विसरलेला नसतो, त्याच्याकडे पाहायचं टाळत असतो. मागावर ताणा तुटला की आधी तुटलेलं टोक शोधावं लागतं, मग सांधणी. दोस्त हे काम डोळे झाकून करतो, पण स्वतःच्या वहीत टोक सापडायला आम्हाला तीन तास लागले.

फोनचे दहा हजार पाचशे राहिले होते, महिना दीड हजाराने. त्याच्याबद्दल बोलण्यासारखं फार नाही. फोन हप्त्याने आला, हप्त्याने फुटला आणि आता हप्त्याने फिटतोय.

खरी कलाकुसर ॲपवाल्यांची. कर्ज मंजूर पाच हजार. हातात आले तीन हजार दोनशे पन्नास. मधले साडेसतराशे 'प्रक्रिया शुल्क'. आणि सात दिवसांत परत करायचे पूर्ण पाच हजार. ते फेडायला दुसरं ॲप, दुसऱ्याचं फेडायला तिसरं. आज तिन्ही मिळून चौदा हजार. मी वहीत गुणाकार केला, चष्मा पुसून पुन्हा केला. आठवड्याला जवळपास चोपन्न टक्के. वर्षाला दोन हजार आठशे.

घरी येऊन मी कौटिल्य काढला. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात व्याजाचे दर दिलेत. शंभर पणांना महिन्याला सव्वा पण हा धर्माला धरून असलेला दर. व्यापाऱ्याला पाच. रानावनातून माल नेणाऱ्याला दहा. समुद्रावर जाणाऱ्याला वीस. कारण उघड आहे: वादळ झालं, जहाज बुडालं तर मुद्दलही मत्स्यावतारात जायचं. आता आमच्या दोस्ताने समुद्र पाहिलेला नाही. येवला तालुक्यात उन्हाळ्यात टँकर आला तरी लोक काठावर उभं राहिल्यासारखे बघतात. अशा कोरड्या मुलखात, घरापासून मागापर्यंत चालत जाणाऱ्या माणसाला सातासमुद्रापारच्या जहाजाच्या दहापटीहून जास्त व्याज लावणाऱ्याला कौटिल्याने कुठल्या अधिकरणात बसवलं असतं कोण जाणे. बहुधा शिक्षांच्या.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ साली मोजदाद केली तेव्हा कर्ज देणारी सुमारे अकराशे ॲप सापडली, त्यातली सहाशे बेकायदा. त्यानंतर २०२२ मध्ये नियम आले: शुल्क धरून वर्षाचा खरा दर आधी कागदावर सांगायचा, फोनमधले नंबर आणि फोटो उघडायचे नाहीत, मनाविरुद्ध वाटलं तर ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन मोकळं होण्याची सोय द्यायची. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातच्या नंतर नाही. नातेवाइकांना, मित्रांना छळायचं नाही. म्हणजे सव्वानऊच्या त्या गोड बाई सव्वादोन तास उशिरा आल्या होत्या आणि मुळात चुकीच्या घरी आल्या होत्या.

पूर्वी कर्जातून सुटणं सोपं होतं, असं म्हणण्याचा मोह होतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खतं आणि दप्तरं पेटवली. घाबरून सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो सुरुवातीला चारच जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, सातारा, सोलापूर, नगर. आमचं येवलं तोवर नगरमधून काढून १८६९ सालच्या नव्या नाशिक जिल्ह्यात टाकलेलं. थोडक्यात हुकलो! सरकारी सवलत येवल्याच्या शिवेपर्यंत येऊन वळते, ही परंपरा तेव्हापासूनची. आता तर कागदच उरला नाही, पेटवणार काय? दोस्ताचं खत म्हणे 'क्लाउड'मध्ये आहे. आणि आमच्या तालुक्यात ढग फिरकत नाहीत.

वहीत पुढचं नाव एका स्थानिक गृहस्थांचं. त्यांना सावकार म्हटलेलं आवडत नाही. ते 'अडीनडीला मदत' करतात. अप्पांच्या ऑपरेशनला वीस हजारांची मदत, शेकडा दहाने. आपल्याकडे शेकडा दहा म्हटलं की ते महिन्याचं, हे सांगायलाही लागत नाही. दोस्ताने अकरा महिने दोन-दोन हजार इमानाने दिले. बावीस हजार गेले, मुद्दल वीस हजार जागच्या जागी. पावती एकही नाही. कोऱ्या कागदावरची सही मात्र त्यांच्या कपाटात जपून ठेवलेली.

२०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्जाचा दर वर्षाला अठरा टक्के ठरला, तारण असेल तर पंधरा. पंधरा म्हणजे महिन्याला सव्वा. मंत्रालय आणि कौटिल्य यांचं एका आकड्यावर एकमत झालेलं पाहून मला गहिवरून आलं. मग मी अठरा टक्क्यांनी हिशेब लावला. दर महिन्याला दीड टक्का व्याज, त्यातून दोन हजार वजा. अकराव्या महिन्याला कर्ज फिटून उलट गृहस्थांकडूनच एकशे सदुसष्ट रुपये येणं निघालं. दोस्ताने आकडा तीनदा पाहिला.

"काका, हे त्यांना सांगायचं?"

"आपण दोघं जाऊ," मी म्हटलं. मग जरा विचार करून, "तू पुढे हो."

राहिली उचल. पंधरा हजार, मालकाकडून. हिला व्याज नाही, हे दोस्ताने अभिमानाने सांगितलं. मालक देवमाणूस, घरच्यासारखा. पलीकडच्या गल्लीत मोर-बांगडीच्या पदराला मजुरी जास्त मिळते, तिकडे का जात नाहीस? "उचल आहे ना." मालकाकडे मजुरी वाढवून माग. "उचल आहे ना." म्हणजे व्याज आहे, फक्त ते वहीत न येता मजुरीत विणलेलं आहे, जरीसारखं. पाठीमागून पाहिल्याशिवाय दिसत नाही. अशा उचलीच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवू नये म्हणून १९७६ सालचा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे. पण आमच्याकडे त्याला वेठबिगारी म्हणत नाहीत, 'संबंध' म्हणतात. तसा येवल्याचा हा धंदाच उचलीतून उभा राहिला. इथल्या रघोजी नाइकांनी शामदास वालजी नावाच्या गुजराती व्यापाऱ्याला पैसे आणि रेशमाचा मक्ता देऊन विणकरांसह इथे आणलं, असं जुनं गॅझेटिअर सांगतं. ती उचल पुढे शामदासांच्या मजुरीतून कापली गेल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी विचारलं, मोठ्यांचं कसं होतं हो? संचालक म्हणाले, २०१६ पासून दिवाळखोरीचा कायदा आहे. कंपनी बुडाली की बँका येण्यातली काही रक्कम सोडतात, त्याला 'हेअरकट' म्हणतात. दोस्ताने मान डोलावली. त्याचा हेअरकट साठ रुपयांत होतो, तोही गेल्या महिन्यापासून उधार. त्याच कायद्यात छोट्या माणसासाठीही 'नवी सुरुवात' नावाचं प्रकरण आहे. वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आत हवं, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत, आणि स्वतःचं घर नको. एवढं दरिद्री असल्याचे पुरावे गोळा करायला जो खर्च येईल त्यासाठी पुन्हा शेकडा दहाने काढावे लागतील. पण ती वेळ यायची नाही. कायदा होऊन वर्षानुवर्षं उलटली तरी हे प्रकरण लागूच केलं नाही. कंपन्यांची कात्री आली, आमच्या खुर्चीवर टॉवेल टाकायचं मात्र राहून गेलं.

तरी काही कामं झाली. ॲपच्या धमक्यांचे स्क्रीनशॉट काढले, १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, फोनमधल्या नंबर-फोटोंना कुलपं लावली आणि मगच ॲप उडवली. फोटो फिरायचा तो फिरलाच. ज्यांच्याकडे गेला त्यातल्या चौघांनी गुपचूप दोस्ताला फोन करून विचारलं, "तुझं कुठलं ॲप? माझं वेगळंय." गुरुजींच्या मुलाचाही त्यात नंबर होता. तेव्हापासून गुरुजी चहाबद्दल बोलत नाहीत.

काल आम्ही सहायक निबंधकांच्या कार्यालयाकडे निघालो. बिगरपरवाना सावकारीची तक्रार तिथे करता येते, आणि ती सिद्ध झाली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अर्ज मी माझ्या अक्षरात लिहिला होता, कोऱ्या कागदावरच्या सहीचा उल्लेख लाल शाईने अधोरेखित करून. नोकरीत चाळीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज आवक-जावक केले, पण स्वतः लिहिलेला हा पहिलाच धडधाकट अर्ज. पायऱ्यांशी दोस्त थांबला.

"काका, नको."

"का? भीती वाटते?"

"भीती नाही. आईला पण चालताना धाप लागते. उद्या काही झालं, रात्री दोन वाजता, तर वीस हजार कोण देणार? ते देतात काका. दार वाजवलं की देतात."

मी समितीतल्या एकेकाचा चेहरा आठवून पाहिला. मग स्वतःचं पासबुक. पायऱ्यांवरून लोक आमच्याकडे बघत वर-खाली करत होते, कारण मी बराच वेळ काहीच बोललो नाही, आणि माझ्या बाबतीत गावाला त्याची सवय नाही.

परत येताना दोस्ताने हातातल्या पिशवीतून रेशमाच्या तिल्ल्यांचं पुडकं काढून मालकाकडे टाकलं. संध्याकाळी तो मागावर बसणार होता. पदर अर्धा झालाय, लग्न वीस तारखेचं आहे. अर्ज माझ्याकडेच आहे. वहीत घडी घालून ठेवलाय. तारखेची जागा सोडली आहे.