ऑपरेशन कुत्र्याचं, पथ्य घरच्यांचं

घरच्या उनाड कुत्र्याची नसबंदी करून आणणाऱ्या कोडोली पंचक्रोशीतल्या कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन आहे. कुत्र्यानं ते वाचण्याची गरज नाही. कुत्रं दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःला बरं समजू लागतं. टाके मात्र दहा ते चौदा दिवस राहतात. मधल्या काळात सांभाळायचं असतं ते घर, गल्ली आणि पाहुणे.

१. मुहूर्त

गळीत हंगामात ऑपरेशन नको, कारण वारणानगरच्या कारखान्याकडं निघालेली उसाची प्रत्येक ट्रॉली आपल्याच देखरेखीखाली जाते असं कुत्र्याचं ठाम मत असतं. चैत्रात नको, कारण जोतिबाच्या यात्रेला आलेले पाहुणे घरात असतात. पावसाळ्यात नको, कारण चिखल आणि माशा. एवढं वगळल्यावर वर्षात फारसं काही उरत नाही, म्हणून डॉक्टर देतील ती तारीख घ्यावी.

आदल्या रात्री कुत्र्याला उपाशी ठेवावं. भुलीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. हा ठराव घरात एकमतानं मंजूर होतो आणि रात्री दहाला आजी “एवढुसाच हाय” म्हणत भाकरीचा तुकडा टाकते. सबब, आजीला आधी झोपवावं. कुत्रं कारवानी असेल तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगावं. या सडपातळ शिकारी जातीच्या अंगात चरबी कमी असते, त्यामुळं काही भुलीची औषधं तिच्यात हळू उतरतात.

२. पहिली रात्र

कुत्रं झोकांड्या खात घरी येईल, कण्हेल, आपल्याच शेपटीकडं परक्यासारखं बघेल. ही भुलीची उतरण आहे. त्याला खाटेवर न चढवता जमिनीवर, पोत्याच्या घडीवर, उबेला झोपवावं. पूर्ण शुद्धीवर आल्यावर थोडं पाणी, मग नेहमीच्या निम्मं जेवण. एका वेळी एकानंच जवळ बसावं. सगळ्या घरानं गोल करून बसल्यास कुत्र्याला आपलं काहीतरी गंभीर झाल्याची शंका येते.

३. पुरुषमंडळींची समजूत

हा या मार्गदर्शनातला सर्वांत नाजूक भाग. ज्या जिल्ह्यात शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान बांधून घेतलं, तिथं पुरुषत्वाचा विषय हळू आवाजात निघत नाही. “त्याचं सगळंच घालवलंसा की रं!” असं म्हणत तालमीतले दोन-तीनजण भेटीला येतील आणि ऑपरेशन आपलंच झाल्यासारखे मांडी आवळून बसतील. त्यांना चहा द्यावा. कुत्र्याला अशी कोणतीही खंत नसते, हे त्यांना दाखवून देण्यासाठी मात्र त्याला मोकळं सोडू नये.

दुसरा गट बैलवाल्यांचा. बैल खच्ची केला की गरीब होऊन औताला लागतो, तसं कुत्रंही आता उंबऱ्यावर पडून राहील, असं ते खात्रीनं सांगतील. तसं होत नाही. पुढच्या काही आठवड्यांत मादीच्या मागं शिवार पालथं घालणं आणि दिसेल त्या खांबावर तंगडी वर करणं बऱ्याच कुत्र्यांत कमी होतं. उड्या, राखण आणि पोस्टमनबद्दलचा आकस कायम राहतो.

४. गळ्यातली कॉलर

जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालतात. ती नाकाच्या शेंड्यापुढं बोटभर यायला हवी, नाहीतर कुत्रं टाके काढण्याचं काम स्वतःच उरकतं. “टीव्हीला रेंज येत्या काय रं ह्यातनं?” असं गल्ली विचारेल, उत्तर देऊ नये. कॉलर घालून कुत्रं चौकटीला, घागरीला आणि पाहुण्यांच्या पोटऱ्यांना धडकत फिरेल. तिसऱ्या दिवशी ते असं तोंड करेल, की घरातलं सर्वांत मऊ माणूस कॉलर काढायला उठेल. कोणाला आवरायचं, हे आधीच ठरवून ठेवावं.

५. विश्रांती

टाके निघेपर्यंत पळणं, उडी मारणं, जिना चढणं आणि उसात शिरणं बंद. चीर अंडकोषांच्या पिशवीच्या पुढच्या बाजूला असते आणि मागं रिकामी पिशवी उरते. कुत्रं उधळलं तर तिच्यात रक्त साठून सूज येते. शी-शूसाठी पट्टा लावून छोटी फेरी पुरे. उरलेली ताकद डोक्यानं खर्च करवावी: गोणपाटाच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवावेत आणि हुंगत शोधायला लावावं. या खेळानं कुत्रं दमतं. आजीही तुकडे लपवण्यात गुंतते, हा जादा फायदा.

६. औषधपाणी व आहार

जखमेवर हळद, तेल, भंडारा, गुलाल यांपैकी काहीही लावू नये. अंघोळही नको. माशी बसू देऊ नये, कारण उघड्या जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही. माणसांच्या तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात. डॉक्टरांनी दिलेलंच औषध द्यावं.

“अशक्त झालंय, तांबडा रस्सा पाज,” असा आग्रह होईल. रश्श्यात कांदा-लसूण असतो आणि त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रस्सा आग्रह करणाऱ्यालाच वाढावा. नसबंदीनंतर कुत्र्याची खाण्याची गरज साधारण पाव हिश्शानं घटते आणि भूक वाढते. चार भाकऱ्यांच्या जागी तीन द्याव्यात. चौथी घरातलं कोण देतं, यावर नजर ठेवावी.

७. हसण्यावारी न्यायचं नाही असं

रक्त थांबत नसेल, सूज वाढत असेल, पू किंवा घाण वास येत असेल, टाका उघडला असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा कुत्र्यानं दिवसभर तोंडात घास घेतला नसेल, तर कोणाचाही सल्ला न घेता दवाखाना गाठावा.

८. कायदेशीर बाजू

नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. पाळीव कुत्र्याच्या कानाला सहसा अशी खूण नसते, म्हणून डॉक्टरांची तारखेची चिठ्ठी जपून ठेवावी. ऑपरेशननंतरही काही आठवडे जुना साठा शिल्लक असू शकतो. तेव्हा निदान सहा आठवडे त्याला माजावरच्या कुत्रीपासून लांब ठेवावं. पुढं शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली आणि आळ आपल्याकडं आला, तर भांडण्याआधी हिशेब करावा. कुत्रीचे दिवस साधारण ६३ भरतात. पिल्लांच्या जन्मापासून तेवढे दिवस मागं मोजावेत. ती तारीख सहा आठवड्यांच्या पलीकडं पडत असेल तर चिठ्ठी घेऊन चौकात जावं. अलीकडं पडत असेल तर चिठ्ठी घरीच ठेवून एक पिल्लू मुकाट्यानं मागून आणावं.