साक्षीला अख्खं गाव

मुंबईत माणूस चोरून खाऊ शकतो. दादरला पथ्य पाळावं आणि ठाण्याला जाऊन मोडावं. ओळखीचं कुत्रं भेटायचं नाही. खेड्यात चोरून खायला काही मिळतच नाही, त्यामुळे तिथे प्रश्न आपोआप मिटतो. पंचाईत होते ती कोल्हापूरसारख्या गावात. इथे तलाव आहे, स्टेडियम आहे, कुस्तीचं मैदान आहे, खाणावळी तर गल्लीगणिक आहेत. म्हणजे मौज करायला शहर पुरेसं मोठं आहे. पण ती मौज करताना आपले डॉक्टर, मुलाचे मास्तर, ज्याचे पैसे द्यायचे राहिलेत तो रंगारी आणि ज्यांच्याकडे भाची द्यायचं घाटतंय ते पाहुणे, हे सगळे शेजारच्या टेबलावर हजर असतील इतकं लहानही आहे.

मिसळीचंच बघा. मिसळ हा इथे सकाळचा कार्यक्रम. नावाजलेल्या ठिकाणी दुपारी जाल, तर मालक फडकं पिळताना दिसतील. कट, म्हणजे तिखट रस्सा, संपला की दुकान संपलं. म्हणून सकाळी लवकर पोचायचं आणि जो खातोय त्याच्या पाठीमागे उभं राहायचं. घाई करा असं म्हणायचं नाही. आपण उभे आहोत एवढं त्याच्या मानेला कळलं पाहिजे. मग जागा मिळते, प्लेट येते. तळाला मटकी, वर फरसाण, त्यावर बारीक कांदा आणि कोथिंबीर, कट वेगळा. कट ओतल्यावर फरसाण मऊ पडायच्या आत पहिला घास तोंडात गेला पाहिजे. सोबत पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस. पाव मागणारा परगावचा आहे हे पोऱ्यासुद्धा ओळखतो आणि त्याला दयेपोटी एक लिंबाची फोड जास्त देतो.

मला डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. ‘बंद म्हणजे बंद,’ असं टेबलावर बोट आपटून सांगितलंय. एका रविवारी मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, तर समोरच्या खुर्चीवरचा गडी उठला आणि त्या जागी डॉक्टर येऊन बसले. जागा दुसरी नव्हतीच. त्यांनी माझ्या प्लेटकडे पाहिलं, मी त्यांच्या कपाळावर आधीच फुटलेल्या घामाकडे पाहिलं.

‘कट घालू काय सायेब?’ पोऱ्यानं विचारलं.

‘घाल की,’ आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

पुढे एक अक्षर बोलणं झालं नाही. मात्र पुढच्या तपासणीला त्यांनी माझी गोळी अर्ध्याची एक केली. आहाराबद्दल काही विचारलं नाही. विचारायचं काय? मी कट किती वेळा मागवला ते त्यांनी मोजलं होतं. मीही त्यांचा मोजला होता, पण मला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही.

कुठली मिसळ चांगली, हे मात्र मी इथे सांगणार नाही. मला याच गावात राहायचंय.

मटणाचं प्रकरण जास्त गंभीर. कोल्हापुरात मटण हा सार्वजनिक प्रश्न आहे. 2019 च्या अखेरीस मटणाचा दर वाढला, तेव्हा गावात रीतसर कृती समिती झाली आणि आंदोलनं झाली. बाहेरच्यांना गंमत वाटली. पण याच गावानं कृती समिती काढून टोल घालवलेला आहे; रस्त्यासाठी जे करायचं ते रश्शासाठी का नाही करायचं?

बुधवारी किंवा रविवारी रात्री एखाद्या खाणावळीत जाऊन पाहा. वाढपी एका हातात तांबड्या रश्शाची बादली आणि दुसऱ्या हातात पांढऱ्याची घेऊन फिरत असतो. त्याच्या नजरेला नजर दिलीत की वाटी भरलीच. ‘नको’ म्हणायचं असेल तर वाटीवर पंजा आडवा धरावा लागतो, आणि तरी थोडा रस्सा बोटांवर पडतोच. नवखा पाहुणा तांबड्याला भितो आणि पांढरा बेफिकीर पितो. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, दिसायला अगदी सोज्वळ. पण मिरे आणि खडा मसाला घशाखाली उतरल्यावर आपली ओळख सांगतात. पाहुणा खोकतो. सगळी खाणावळ हातातली भाकरी थांबवून प्रेमानं त्याच्याकडे बघते.

अशाच एका बुधवारी मला भाचीसाठी आलेलं स्थळ दिसलं. माहितीपत्रकात ‘मुलगा शुद्ध शाकाहारी’ असं ठळक छापलेलं होतं. मुलगा ताटाच्या काठावर नळी आपटत होता. आपटण्याची पद्धत सराईत होती: दोनदा हलकेच, तिसऱ्यांदा जोरात, आणि लगेच तोंडाला. त्यानं मला पाहिलं, नळी खाली ठेवली आणि उठून पाया पडला. हात खरकटा असल्यामुळे कोपरानं पडला. मी घरी येऊन सांगितलं, मुलगा चांगला आहे. लग्न झालं. भाचीकडून कळतं की ते पत्रक त्याच्या आत्यानं लिहिलं होतं.

करमणुकीचीही तीच गत. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की गाव दुपारीच कामातून उठतं. संघांची नावं पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशी. नवखा माणूस लंगोट कसलेले पैलवान येतील म्हणून वाट बघतो आणि पळत येतात चड्डी-जर्सीतली पोरं. पेठेपेठेचं वैर असतं. खेळ बघायचा तो मैदानात निम्मा आणि गॅलरीत निम्मा. मी गॅलरीतलाच जास्त बघतो. तिथे मुलाचे गणिताचे मास्तर असतात. वर्गात इतके मवाळ की फळ्यावरचं चुकलेलं उत्तरही हळूच पुसतात. गॅलरीत मात्र शर्टाची दोन बटणं उघडी टाकून रेफ्रींची हुर्यो उडवताना त्यांचा आवाज पार त्या टोकाला ऐकू जातो. एकदा नजरानजर झाली. ते खाली बसले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, ‘ऑफसाइडचा नियम भूमितीतूनच आलाय, बरं का.’ मी मान डोलावली. वार्षिक परीक्षेत मुलाला गणितात बरे गुण पडले. दोन्हींचा संबंध मी लावत नाही.

नाटकाबद्दल लिहिताना मात्र हात जरा जड होतो. शाहू महाराजांनी 1912 मध्ये कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं. मधला हौदा आणि भोवती चढत गेलेली जमीन, त्यामुळे मागच्या माणसाला पुढच्याचा फेटा आड येत नाही. त्याच्या पाठीला पाठ लावून 1915 साली पॅलेस थिएटर उभं राहिलं. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झालं. भिंतीच्या एका अंगाला तान, दुसऱ्या अंगाला टांग. ही शेजारपाजारची मांडणी ज्या राजाला सुचली त्याला आपलं गाव नेमकं कळलेलं होतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हे नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. लोक रस्त्यावर उभं राहून रडत होते. मध्यंतरात दोन रांगा पुढून मागे वळून, ‘काय आण्णा, वहिनींना आणलं न्हाई?’ असं ओरडून विचारणारे लोक होते ते. त्या हाकेचा मला तेव्हा वैताग यायचा.

संध्याकाळी रंकाळा तलाव. काठाकाठानं फिरायचं, चिरमुऱ्याची भेळ खायची. वेळ चालण्यात कमी आणि थांबण्यात जास्त जातो, कारण दर पन्नास पावलांवर कुणीतरी ‘काय, फिरायला?’ असं विचारतं. उत्तर समोर दिसत असूनही ते द्यावं लागतं. डॉक्टर इथे भेटतात तेव्हा मात्र मोठ्यानं बोलतात, कारण आम्ही दोघंही चालत असतो.

आणि रात्री दूध. गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला म्हशी आणून बांधलेल्या असतात. आपल्यासमोर धार काढतात आणि पेला तसाच हातात देतात, तापवणं नाही, साखर नाही. वर दोन बोटं फेस. तो फुंकून बाजूला करायचा नसतो. मिशीला लागू द्यायचा. तालमीतल्या पोरांसाठी असलेला हा खुराक आता पोट सुटलेली माणसंही रांगेत उभं राहून पितात, आणि पिताना छाती पुढे काढतात. म्हैस शांतपणे रवंथ करत बघत असते. गावात माझ्याबद्दल कोणाला काही सांगणार नाही अशी बहुधा ती एकटीच.

या ओळखीपाळखीचा एक हिशेब मात्र मला अजून चुकता करता आलेला नाही. आपण खाऊन उठावं, गल्ल्यावर जावं, तर मालक म्हणतात, ‘तुमचं बिल गेलंय.’ कोणी दिलं? कोपऱ्यातल्या टेबलावरून रंगारी हात वर करतो. ज्याचे पैसे मी द्यायचे आहेत तो! आता त्याचे दोन्ही आले.

तेव्हा कोल्हापूरला जरूर या. मटणासाठी बुधवार किंवा रविवार धरा, मिसळीला सकाळी पोचा, कुठली मिसळ चांगली हे दोन माणसांना एकाच वेळी विचारू नका. आणि शेवटचा घास तोंडात असतानाच गल्ल्याकडे निघा. नाहीतर बिल कोणीतरी देऊन टाकेल, आणि ते फेडायला तुम्हाला पुन्हा यावं लागेल.