मुक्तीचे लाभार्थी

नरसी नामदेव हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीतलं गाव. विद्यापीठ नांदेडचं, स्थापना 17 सप्टेंबर 1994, म्हणजे ऐन मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मुक्तीचा हा वारसा महाराष्ट्रातल्या नोकरीतही उतरलाय. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेले बहुतेक जण जुन्या पेन्शनमधून मुक्त. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक तर महागाई भत्ता, घरभाडं, भरपगारी रजा अशा सगळ्याच मोहांतून सुटला. सुट्टी आली की तास बुडतो, तासाबरोबर पैसाही. गावच्या सप्ताहात कीर्तनकाराला काला होण्याआधी बिदागी पोचते. नेट-सेट झालेला हा प्राध्यापक मात्र मानधनाची महिनोन्‌महिने वाट पाहतो. (आणि वर त्याच्याकडूनच सेवाभावाची अपेक्षा!) शासनाला विनंती एवढीच: रिक्त जागा भरा, नाहीतर निदान थकलेली बिलं तरी काढा.